मद्यगृहांचे बिल्ले आणि गरिबांची मोड

नाणे पाडण्याचा अधिकार राजाचा, असे इतिहासग्रंथ सांगतात. परंतु १६४८ ते १६७२ या काळात इंग्लंडमधील गरीब माणसाच्या खिशात जे नाणे खुळखुळत होते, त्यावर बहुधा राजाचा मुखवटा नसे. गल्लीतल्या मद्यगृहाच्या पाटीवरचे चित्र असे.

चांदीची पेनी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे फार्दिंग, चांदीत पाडला तर चिमटीत धरवेना. आणि तांब्याचे नाणे राजसत्तेला उणेपणाचे वाटे. पहिल्या जेम्सने १६१३ साली तांब्याच्या फार्दिंगांचा मक्ताच एका उमरावाला देऊन टाकला. यादवी युद्धात तो मक्ता बुडाला. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले. पण सुट्या नाण्यांच्या त्याच्या योजनाही तडीस गेल्या नाहीत. रोज पाव-अर्ध्या पेनीचा व्यवहार करणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला.

तो मद्यगृहाच्या मालकांनी, वाण्यांनी आणि भटारखानेवाल्यांनी आपल्या परीने सोडविला. त्यांनी पितळेचे व तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. एका बाजूस पाटीवरचा सिंह किंवा डुक्कर, म्हणजे निरक्षरालाही ओळख पटावी. दुसऱ्या बाजूस बहुधा तीन अक्षरे: आडनावाचे एक, नवऱ्याच्या नावाचे एक आणि बायकोच्या नावाचे एक. (राजाच्या टांकसाळीला हे औदार्य सहसा सुचलेले नाही!)

सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिची किंमत कोणी मोजली? बिल्ल्यातील धातू दर्शनी किमतीहून स्वस्त होता. बिल्ला परत येईपर्यंत मालकाला ते बिनव्याजी कर्जच होते, आणि धनको कोण, तर हातावर पोट असलेला मजूर. दोन गल्ल्या ओलांडल्या की तो बिल्ला कोणी ओळखीत नसे. साहजिकच पैसा जिथला तिथेच खर्चावा लागे, आणि मद्यगृहाचा बिल्ला मद्यगृहाकडेच ओढी. मालक मेला, त्याचे दिवाळे निघाले, वा १६६६ च्या लंडनच्या आगीसारखी आपत्ती आली, तर मजुराच्या मुठीत उरे नुसते पितळ. त्याची दाद कोणत्या न्यायालयात मागावी, तीही अर्ध्या पेनीसाठी?

ऑगस्ट १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने जाहीरनामा काढून खासगी बिल्ल्यांना बंदी केली आणि सरकारी तांब्याचे फार्दिंग व अर्धी पेनी चलनात आणली. मद्यगृहाची मजुराच्या खिशावरील पकड मात्र त्याने सुटली नाही. मद्यगृहात बसून मजुरी वाटण्याची प्रथा पुढेही चालू राहिली, आणि सर्वसाधारण कामगारांसाठी ती कायद्याने बंद व्हायला १८८३ साल उजाडावे लागले.