जिवाणूंचा हिशेब

सन 2000. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी ई. कोलाय जिवाणूत तीन जनुकांची साखळी बसवली. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं पुन्हा पहिल्याला. जिवाणू हिरवा उजळू-विझू लागला, साधारण अडीच तासांनी एकदा. जिवंत घड्याळच!

अडचण एकच. दिंडीत प्रत्येक टाळकऱ्याने आपापला ठेका धरावा, तशी ही घड्याळं चालत.

उपाय समुद्रात सापडला. तिथले व्हिब्रिओ फिशेरी जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतात. गर्दी वाढून तो साचला, की सगळे मिळून प्रकाशतात. तशीच संदेशयंत्रणा वापरून कॅलिफोर्नियातल्या जेफ हेस्टी यांच्या गटाने 2010 मध्ये ई. कोलायची अख्खी वसाहत एका तालात आणली.

मग गणित. कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेत संग्राम बाग यांच्या गटाने रसायनांच्या मिश्रणांतून जिवाणूंना अंक ‘सांगितले’ आणि विचारलं, 0 ते 9 मधला हा अंक मूळ संख्या आहे का? हिरवी चमक म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. शाळकरी मूल याहून झटपट सांगेल, हे खरंच! पण संशोधकांना वेग नकोच आहे. जागेवर काही ओळखून कळवणारे जिवाणू हवेत. पाण्यातलं आर्सेनिक हेरणारा असा जिवाणू एडिंबरा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2006 मध्येच करून दाखवला आहे.