मुळाच्या दारावर



आपण संशोधक आणि शेतकरी या परिषदेसाठी डिंगोऱ्यात जमलो आहोत. कुणी माळशेज घाट चढून आलात, कुणी नारायणगाव-ओतूरमार्गे. मुळांतल्या धातुवाहक प्रथिनांची चर्चा टोमॅटो-कांद्याच्या शिवारात व्हावी, हा आग्रह आमच्या स्वागत समितीचाच होता.

चुनखडीच्या रानात टोमॅटोचा शेंडा पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण सामू चढल्यामुळे विरघळत नाही. मग मूळ स्वतः आम्ल सोडतं, लोहाचं रूप पालटतं आणि आयआरटी-१ नावाच्या प्रथिनातून ते आत घेतं. हे प्रथिन 1996 साली अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात सापडलं. ही सगळी यंत्रणा चालू करणारं ‘फेर’ जनुक मात्र 2002 मध्ये टोमॅटोतच हाती लागलं. ते बिघडलेलं रोप लोहाअभावी पिवळं पडून मरतं. टोमॅटो पिकवणाऱ्या तालुक्याला ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी.

अडचण अशी, की याच प्रथिनाच्या दारातून जस्त, मँगनीज आणि विषारी कॅडमियमही शिरतं. लोहाला भुकेलेलं मूळ दारं वाढवतं, तेव्हा विषालाही वाट मिळते. जस्त-मँगनीज फार झालं की पेशी त्या प्रथिनावर खूण करते, त्याला आत ओढते आणि मोडून टाकते. आत आलेल्या कॅडमियमला फायटोकेलॅटिन नावाचे रेणू जखडतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतात. किती शहाणी व्यवस्था! पण तिलाही मर्यादा आहे. काही स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम थोडं थोडं येत राहतं. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं मारलेल्या बोर्डो मिश्रणातलं तांबं बहुतांशी वरच्या थरातच साठतं.

लोहाची कमतरता आपण उत्पन्नाच्या हिशेबात धरतो. पण तिच्यामुळे कॅडमियमलाही वाट मिळते, म्हणून ती ताटातल्या भाजीच्या हिशेबातही धरा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मृद आरोग्य पत्रिकेवर लोह, जस्त, तांबं, मँगनीज, बोरॉन दिसतं. कॅडमियमचा रकानाच नाही. निदान भाजीपाल्याच्या पट्ट्यात तरी तो असावा, असा ठराव इथे व्हावा. आणि इथले निष्कर्ष शेतकऱ्याला मराठीत मिळावेत.

दुपारी मासवडी-भाकरीचं जेवण आहे. त्यानंतर शिवारफेरी. प्रयोगशाळेच्या मंडळींनी नमुन्यांच्या पिशव्या सोबत घ्याव्यात. माती द्यायला शेतकरी बांधावर थांबलेले असतील.