आईची बोली कुणाच्या खात्यात?

नवी मुंबईच्या मेट्रोमार्गावर बेलपाडा नावाचं स्थानक आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून तिथं गाडी थांबते. या गाडीत मराठी, हिंदी, मल्याळम, पंजाबी, बंगाली सहज कानांवर पडतात. पण ज्या गावाचं नाव स्थानकाला मिळालं, त्या आमच्या पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्याची आगरी क्वचितच ऐकू येते.

आगरी ही रायगड-ठाण्याकडची बोली. आमच्या घरी डोळ्याला 'डोला' म्हणतात, घोड्याला 'घोरा', पाण्याला 'पानी' आणि 'मला' म्हणायचं तर 'मना'. शाळेत गेलं की हे सारं अशुद्ध ठरतं. मूल लवकरच शाळेची मराठी बोलू लागतं. त्यात वावगं काही नाही. पण मोठेपणी जनगणनेचा प्रगणक दारात येऊन मातृभाषा विचारतो, तेव्हाही तोंडून 'मराठी' हेच उत्तर निघतं.

जनगणनेची व्याख्या मात्र अगदी साधी आहे. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती तुमची मातृभाषा. आई लवकर वारली असेल, तर तेव्हा घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. शाळेचा किंवा लिपीचा इथं प्रश्नच येत नाही.

२०११ साली देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावं आली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. त्यांतल्या दहा हजार किंवा अधिक भाषक असलेल्या २७० मातृभाषा १२१ भाषांमध्ये विभागल्या गेल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, यवतमाळकडची कोलामी द्राविड कुळातली. मराठीहून त्या इतक्या निराळ्या, की यादीत त्यांना वेगळी जागा आहे. अडचण होते ती मराठीला लागून असलेल्या बोलींची. थोरलीच्या पदराआड धाकटी दिसेनाशी होते.

आगरी सांगितली तर मराठीचा आकडा घटेल, अशी शंका काहींना येते. त्यांनी भोजपुरीकडे पाहावं. २०११ साली पाच कोटींहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. जनगणनेनं ती हिंदीत धरली, तरी तिचा आकडा स्वतंत्र छापला. हिंदीचं काही गेलं नाही आणि भोजपुरीचं नावही राहिलं.

हा आकडा नुसता मिरवण्यासाठी नसतो. पहिलीतल्या मुलाला त्याच्या बोलीतली गोष्टीची पुस्तकं हवीत, बोली समजणारे शिक्षक हवेत, असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: बोलणारे किती? त्याचं उत्तर आपणच द्यायचं असतं.

२०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. मातृभाषा विचारली, की आई घरात कशी बोलायची ते आठवा आणि तेच नाव सांगा. मग ती आगरी असो, कातकरी, ठाकरी वा मालवणी.