कारखाना आणि कामगाराचें मन

हातीं घेतलेलें काम मनुष्य एखादे दिवशीं झपाट्यानें उरकतो, तर एखादे दिवशीं रेंगाळत करतो. याचें कारण विचारलें असतां मालक म्हणतो आळस, कामगार म्हणतो अपुरी मजुरी, आणि वैद्य म्हणतो थकवा. या तीन उत्तरांपलीकडे चौथें कांहीं उत्तर आहे काय, याचा पद्धतशीर शोध करणारें जें शास्त्र, त्यास औद्योगिक मानसशास्त्र असें म्हणतात. ह्यूगो म्यून्स्टरबर्ग या जर्मन पंडितानें अमेरिकेंत अध्यापन करीत असतां १९१३ सालीं या विषयावर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. ट्राम हांकण्यास कोणता मनुष्य लायक आणि कोणता नालायक, याचे प्रयोगहि त्यानें केले होते. परंतु योग्य मनुष्य योग्य जागीं बसविला म्हणजे सारें झालें, ही समजूत किती अपुरी होती, हें पुढें शिकागोजवळच्या एका कारखान्यांत, कोणाच्या ध्यानीं मनीं नसतां, उघड झालें.

त्या कारखान्याचें नांव हॉथॉर्न. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी तेथें टेलिफोनची यंत्रसामग्री तयार करीत असे. १९२४ सालीं तेथें जो प्रश्न हातीं घेतला तो अगदीं साधा होता: दिव्यांचा उजेड वाढविला तर काम वाढेल काय? एका तुकडीचा उजेड वाढविला, दुसरीचा पूर्वींसारखाच ठेवला. काम दोन्हीकडे वाढलें! मग उजेड कमी करीत नेला, तरी काम घटेना. एकदां तर दोन बायकांस जवळजवळ चांदण्याइतक्या अंधुक प्रकाशांत बसवून पाहिलें. त्यांचीहि गति ढळली नाहीं.

तेव्हां १९२७ च्या एप्रिलांत सहा मुलींस एका निराळ्या खोलींत नेलें. पांच जणींनीं रिले नांवाचा टेलिफोनचा छोटा भाग जोडावयाचा आणि सहावीनें त्यांना सामान पुरवावयाचें. एका रिलेला सुमारें ३५ सुटे तुकडे लागत. मुलींस आधीं पांच पांच मिनिटांच्या दोन विश्रांति दिल्या, मग दहा दहा मिनिटांच्या. सकाळीं कांहीं खावयास दिलें. पुढें अर्धा तास आधीं घरीं सोडलें. काम बहुतेक चढतच गेलें. १९२८ सालीं या साऱ्या सवलती बारा आठवडे काढून घेतल्या आणि पूर्वींचा ४८ तासांचा आठवडा पुन्हां सुरू केला. ताशीं गति किंचित उतरली, पण आठवड्याचें एकूण काम तोंपर्यंतच्या सर्व आंकड्यांहून अधिक भरलें.

हार्वर्ड विद्यापीठाच्या एल्टन मेयो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचा अर्थ असा लावला कीं, मुलींस मुकादमाचा धाक उरला नव्हता, बदल करण्यापूर्वीं त्यांचें मत विचारलें जाई, आणि त्या सहा जणींचें मिळून एक घर झालें होतें. हा अर्थ ऐकावयास गोड आहे, आणि म्हणूनच तो जपून स्वीकारावयास हवा. प्रचलित पाठ्यपुस्तकांत बहुधा न येणाऱ्या दोन गोष्टी येथें सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, फार बोलतात आणि मन लावून काम करीत नाहींत म्हणून दोन मुलींस १९२८ च्या आरंभीं काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या आणल्या होत्या. दुसरी अशी कीं, मजुरीची पद्धतहि बदलली होती. पूर्वीं मोठ्या विभागाच्या कामावर मजुरी ठरे, आतां ती या लहान गटाच्याच कामावर ठरूं लागली. ॲलेक्स केरी यांनीं १९६७ सालीं याच मुद्द्यांवर कडक टीका केली. पैसा आणि बडतर्फीचें भय हीं दोन्हीं खोलींत हजर असतां सारें श्रेय स्नेहभावास देणें हा भोळेपणा होय, हें त्यांचें म्हणणें टाळतां येण्यासारखें नाहीं. दिव्यांच्या प्रयोगाचे जुने आंकडे २०११ सालीं पुन्हां तपासले, तेव्हां तोहि परिणाम सांगतात तितका ठळक दिसला नाहीं.

याच कारखान्यांतील १९३१-३२ चा प्रयोग कमी प्रसिद्ध आहे, पण तो अधिक बोलका आहे. चौदा पुरुष एका खोलींत तारा जोडणें, डाख देणें आणि तपासणी करणें हीं कामें करीत होते. काम वाढलें तर मजुरी वाढेल, अशी योजना होती. तरीहि दिवसाचें काम किती व्हावें हें त्यांनीं आपसांत ठरवून टाकलें होतें, आणि बहुतेकजण त्यापुढें जात नसत. कोणी पुढें गेलाच तर थट्टा होई, शिवाय दंडावर एक ठोसा बसे. फार मागें राहणाराहि दोषी ठरे. हा आळस नव्हे. मंदीचा काळ होता. आज अधिक काम दाखविलें तर उद्यां मजुरीचा दर उतरेल किंवा कांहीं जणांची भाकरी जाईल, हें भय ज्याच्या घरीं चूल पेटवावयाची असते त्याला शिकवावें लागत नाहीं.

आपल्याकडील उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचें आहे. तेथें स्वयंचलित माग आले, पण अपेक्षेइतकें कापड निघेना आणि खराबाहि थांबेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ सालीं तेथें आले. त्यांनीं पाहिलें कीं, २२४ मागांवरचें काम बारा निरनिराळ्या प्रकारच्या कामगारांत वांटलेलें होतें. सूत तुटलें तर जोडणारा एक, कांडी भरणारा दुसरा, तेल घालणारा तिसरा, आणि एकाचा दुसऱ्याशीं संबंध केवळ योगायोगाचा. मागांचा एक ठराविक समूह एका लहान टोळीकडे सोंपवावा, ही कल्पना निघतांच कामगारांनीं व देखरेख करणाऱ्यांनीं स्वतःच टोळ्या पाडून घेतल्या. आरंभीं गडबड उडाली; पुढें कापड वाढलें आणि खराबा घटला. सतरा वर्षांनंतर, १९७० सालीं, एरिक मिलर यांनीं पुन्हां जाऊन पाहिलें. एका शेडमध्यें ही टोळ्यांची पद्धति जवळजवळ जशीच्या तशी टिकली होती. इतरत्र माल आणि बाजार यांचा ताण वाढत गेला, तसे कामगार हळूहळू जुन्या वांटणीकडे परतले होते.