उलट्या हॉटेलाची गोष्ट



हॉटेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते लातूर-नांदेड रस्त्यावरचे. पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, उकळणारा चहा आणि कढईतली भजी. मुक्काम करावयाचा तर लॉज निराळा शोधावा लागतो. परंतु केवळ राहण्यासाठी नव्हे, तर इमारत पाहण्यासाठीही माणसे जातात, अशी हॉटेले जगात आहेत. स्वीडनच्या उत्तर टोकाला, युक्कासयार्वी या खेड्यात, दर हिवाळ्यात नदीचे बर्फ कापून हॉटेल उभारतात. उन्हाळ्यात ते वितळते आणि नदीचे पाणी नदीला परत मिळते. वैशाखात ऐकायला गोड वाटते खरे. पण तेथे खाटही बर्फाचीच असते!

मला आज बोलावयाचे आहे ते मात्र मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाविषयी. आपल्यापैकी जे जे मुंबईस गेले असतील, त्यांना कोणीतरी हमखास सांगितले असेल, की हे हॉटेल चुकून उलटे बांधले गेले. साहेब वास्तुशिल्पी नकाशा देऊन विलायतेस गेला, परत येऊन पाहतो तो समोरची बाजू मागे! त्या धक्क्याने त्याने जीव दिला.

ही कथा साफ खोटी आहे. मूळ आराखडा साहेबाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. वैद्य हे साधे गृहस्थ नव्हेत. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभे राहत असताना स्टीव्हन्ससाहेबांच्या हाताखाली साहाय्यक अभियंता म्हणून त्यांनी काम केले होते. ताजचे काम पुरे होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. म्हणजे विलायतेहून परत येऊन दचकायला कोणी शिल्पकारच उरत नाही!

मग तोंड शहराकडे का? हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. त्या वेळी समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतेच. त्याची कोनशिला १९११ ची, आणि ते पुरे झाले १९२४ साली. पाहुणे घोडागाडीतून शहराच्या बाजूने येत, म्हणून दरवाजा तिकडे. बंदराचा देखावा गाडीवानाला दाखवून काय उपयोग? तो खोलीत राहणाऱ्या पाहुण्याला मिळाला. पुढे प्रवेश समुद्राकडे नेला, जुन्या प्रवेशाच्या बाजूस पोहण्याचा तलाव झाला, आणि लोक म्हणू लागले, हॉटेल उलटे!

मला या दंतकथेचा राग येतो तो एवढ्यासाठीच. आपल्याकडे वेरूळचे कैलास लेणे खरोखरच वरून खाली, म्हणजे उलटे, कोरले. त्याला आपण चूक म्हणत नाही. येथे मात्र एका मराठी अभियंत्याने विचारपूर्वक केलेली मांडणी आपण चूक ठरविली, ती चूक साहेबाच्या नावावर टाकली, आणि वैद्यांचे नाव पुसून टाकले. आतला तो प्रसिद्ध अधांतरी जिना बांधणाऱ्या सोराबजी कंत्राटदारांचेही नाव किती जणांना ठाऊक आहे?

जाता जाता जपानचेही सांगतो. टोकियोत फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन शिल्पकाराने बांधलेल्या इंपीरियल हॉटेलाचा उद्घाटन समारंभ १ सप्टेंबर १९२३ ला ठरला होता. त्याच दुपारी महाभूकंप झाला. शहर जळाले, हॉटेल उभे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या जिल्ह्याला, याचा अर्थ मी काय सांगावा? पण त्या हॉटेलाचे दैव पहा : भूकंपाने जे पडले नाही, ते १९६८ साली माणसांनीच पाडले. त्याचा दर्शनी भाग तेवढा नागोयाजवळच्या संग्रहालयात पुन्हा उभारला.

ताजवरही घाला आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी आत शिरले, माणसे मारली, आगी लावल्या. घुमटाखालून निघणारा धूर आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिला. पाहुण्यांना वाचविताना हॉटेलातील कित्येक नोकरांनी प्राण दिले. जुन्या भागाची डागडुजी होऊन तो १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. घुमट जागच्या जागी आहे. खाली बंदरावर उभे राहून पर्यटकांना तीच उलट्या हॉटेलाची गोष्ट अजून सांगितली जाते. तुमच्या कानी पडली, तर सांगणाऱ्याला थांबवून सीताराम खंडेराव वैद्यांचे नाव सांगा.