एसजीपीटी वाढलं, आता पुढे?



बार्शीटाकळीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलं कुणी ना कुणी असतंच. कुणाची मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी असते, कुणाची विम्याची, तर कुणाच्या गावात शिबिर झालेलं असतं. अंगात काही त्रास नसताना केलेल्या त्या तपासणीत एक आकडा ठळक छापून येतो: एसजीपीटी ७८. शेजारी लिहिलेलं असतं, ४० पर्यंत नॉर्मल. संध्याकाळपर्यंत घरात बातमी होते, ‘लिव्हर खराब झालं म्हन्ते.’ मग कुणी घाबरून मेडिकलमधून लिव्हरचं टॉनिक आणतो, तर कुणी ‘मले तं काहीच होत नाही’ म्हणून कागद कपाटात टाकतो. आकडा वाढला कशानं, हे मात्र दोघांनाही कळलेलं नसतं, आणि खरं काम तेच आहे.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आत राबणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. पेशीला इजा झाली की ती रक्तात उतरतात. अडतीवर सोयाबीनचं पोतं उसवलं की दाणे खाली सांडतात. पोतं फाटलं एवढं त्यावरून कळतं, गोदामात माल किती उरला ते कळत नाही. यकृताची काम करण्याची ताकद सांगणारे आकडे वेगळे आहेत: बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ. त्यामुळे एसजीपीटी ७८ असलेल्या माणसाचं यकृत उत्तम काम करत असू शकतं. उलट सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होऊन पोटात पाणी झालेल्या रुग्णाचं एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं, कारण विकरं रक्तात सोडायला निरोगी पेशीच फारशा उरलेल्या नसतात.

एसजीओटीची गोष्ट आणखी निराळी. ही तपासणी पुढे आली ती हृदयविकारासाठी. १९५४ साली न्यू यॉर्कमधल्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे विकर रक्तात वाढतं. ते हृदयात असतं, स्नायूंत असतं, तांबड्या रक्तपेशींतही असतं. म्हणून सुगीच्या दिवसांत पोती उचलून थकलेल्या माणसाचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं, तर यकृत निरोगी असूनही एसजीओटी वाढलेलं दिसू शकतं. रक्त काढताना किंवा नेताना नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी तेच होतं. त्याच रिपोर्टमधला अल्कलाइन फॉस्फेटेज हा आकडाही वाढत्या वयाच्या मुलांत हाडांमुळे आणि गरोदर बाईत वारेमुळे वाढतो. तो आजार नव्हे.

म्हणून डॉक्टर आकड्यांची ठेवण पाहतात. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल, तर आधी दारूविषयी विचारतात. आकडा हजारांत गेला, तर विषाणूची कावीळ किंवा एखाद्या औषधाची इजा शोधतात. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही दोन्ही विकरं वाढली, तर पित्तनलिकेत अडथळा आहे का, ते सोनोग्राफीत पाहतात. आणि ६०-८०च्या घरातला, त्रास न देणारा आकडा पोट सुटलेल्या किंवा साखर असलेल्या माणसाचा असेल, तर बहुतेक वेळा यकृतात चरबी साठलेली सापडते. फॅटी लिव्हर थेंबभर दारू न घेणाऱ्यालाही होतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मधुमेह आणि हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला.

पण सगळ्यात आधी विचारायला हवं, की गेल्या काही महिन्यांत पोटात काय काय गेलं. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते मुंबईतल्या एका अनुभवातून दिसतं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. आपल्या वऱ्हाडातही कडुनिंबावर चढलेले वेल उतरवून लोकांनी काढे केले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. सगळ्यांच्या यकृताला इजा झालेली, आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी, तशी ती इजा दिसत होती. २०२१ मध्ये ही निरीक्षणं वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असावी, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असेच ४३ रुग्ण नोंदवले. काढा थांबवल्यावर अनेक जण सुधारले, काहींना स्टिरॉइड द्यावी लागली.

वाद कुणाच्या बाजूनं सुटो, रुग्णानं करायचं काम बदलत नाही. काढा, चूर्ण, भस्म, जिममधली पावडर, दुखण्याच्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगायचं. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून बायाबापड्या जे सांगत नाहीत, तेच नेमकं कारण निघू शकतं.

टीबीच्या रुग्णानं मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, पण आकडा थोडा वाढला तरी उपचार सहसा चालू राहतो. मळमळ, उलटी, कावीळ असताना आकडा नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेला, किंवा त्रास नसतानाही पाचपटीच्या वर गेला, तर डॉक्टर गोळ्या थांबवून नवी मांडणी करतात. तो निर्णय त्यांचा.

मग ७८ आकडा आलेल्या माणसानं करावं काय? दारू आणि अनावश्यक औषधं बंद करून, अंगमेहनतीनंतर काही दिवस विसावा घेऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत तपासणी पुन्हा करावी. आकडा तसाच राहिला, तर हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि सोनोग्राफी करावी. २८ जुलै २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. फॅटी लिव्हर निघालं, तर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा आकडा डॉक्टरांकडून काढून घ्यावा. पासष्टीच्या आतल्या माणसाचा तो १.३च्या खाली असेल, तर यकृतात मोठे व्रण पडले असण्याची शक्यता कमी. २.६७च्या वर असेल, तर यकृततज्ज्ञाकडे जायलाच हवं. उपचार म्हणाल, तर वजन ७ ते १० टक्के उतरवणं: ८० किलोच्या माणसानं सहा ते आठ किलो, तेही हळूहळू.

मात्र डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या, माणूस गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. गरोदर बाईला कावीळ दिसली तर एक दिवसही दवडू नये, कारण हिपॅटायटिस ई शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकतो. हातावर चुना चोळून कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता, अशा रुग्णाला त्याच दिवशी बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यावं, आणि सोबत आधीचे सगळे रिपोर्ट व घरात चालू असलेल्या प्रत्येक औषधाची बाटली न्यावी.