कुंडीतील वृक्षाची जोपासना



उथळ कुंडीत वाढविलेला वीतभर उंचीचा वड पाहिला म्हणजे पाहणाराच्या मनात प्रथम कौतुक व मागोमाग शंका उत्पन्न होते. झाडास उपाशी ठेवून खुजे केले असावे, अशी ती शंका होय. याच समजुतीने कित्येक घरी अशा झाडास पाणी जपून घालतात, आणि थोड्याच दिवसांत ते वाळून जाते. म्हणून ही समजूत आधी दूर करावयास हवी.

‘बोन्साय’ हा शब्द जपानी आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र व ‘साय’ म्हणजे लावणी. या कलेचा उगम चीनमधील. जपानने तिला आपले स्वतंत्र रूप दिले. बोन्साय ही झाडाची निराळी जात नव्हे. तेच रोप मोकळ्या जमिनीत लावले तर त्याचा मोठा वृक्ष होईल. कुंडीत मुळांना जागा थोडी असते व शेंडे वेळोवेळी खुडले जातात, म्हणून ते लहान राहते. अन्न, पाणी व ऊन मात्र त्यास पुरेसे मिळालेच पाहिजे. किंबहुना माती थोडी असल्यामुळे त्याची काळजी अधिकच घ्यावी लागते.

नवशिक्याने वड, पिंपळ किंवा उंबर यांपासून प्रारंभ करावा. भिंतीच्या फटीत, मूठभरही माती नसताना, पिंपळाचे रोप तग धरते हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. ही काटक जात कुंडीतही सहज रुजते. पुढे डाळिंब, चिंच व बोगनवेल यांचाही प्रयोग करता येईल.

कुंडी उथळ असावी, परंतु तिच्या बुडाशी भोक अवश्य असावे व त्यावर जाळीचा तुकडा ठेवावा. माती, विटांचा बारीक चुरा किंवा जाड वाळू, आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण वापरावे. पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात.

पाणी घड्याळ पाहून घालू नये. बोटाने माती चाचपून पाहावी. वरचा थर सुकला असेल तर बुडाच्या भोकातून पाणी वाहू लागेपर्यंत सावकाश घालावे. उन्हाळ्यात कदाचित दिवसातून दोन वेळा पाणी लागेल, तर पावसाळ्यात काही दिवस मुळीच लागणार नाही. झाडाचे खरे स्थान ओसरी, अंगण किंवा गच्ची. शोभेसाठी घरात आणावयाचे तर एकदोन दिवसांपुरतेच आणावे, व पुन्हा उजेडात ठेवावे.

आकार देण्यासाठी फांदीस तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात. फांदी वळण धरू लागली की तार कापून काढावी. ती तशीच राहिल्यास सालीत रुतते व तो व्रण वर्षानुवर्षे दिसतो. वडासारखे झाड सुमारे दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या आरंभी, कुंडीतून काढावे. वाढलेल्या मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा छाटून ते नव्या मातीत लावावे व काही दिवस सावलीत ठेवावे. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नये.

या जोपासनेस किती चिकाटी लागते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. हिरोशिमा येथील यामाकी घराण्याकडे एक पांढरा पाइन वृक्ष होता. त्याची कुंडीतील जोपासना १६२५ पासून चालत आली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या नगरावर अणुबाँब पडला, तेव्हा हा वृक्ष स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर होता. भोवतीच्या भिंतीमुळे तो बचावला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेस भेट दिला व वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात त्याची व्यवस्था झाली. त्याने तो भयंकर दिवस पाहिला होता, हे तेथील मंडळींस कळले ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू तो पाहावयास आले तेव्हा! ज्या देशाने बाँब टाकला, त्याच देशातील माळी आज त्यास पाणी घालीत आहेत.

भिंतीने त्या वृक्षास एक दिवस वाचविले. उरलेली शतके त्यास पाणी घालणाऱ्या हातांनी वाचविले. आपल्याकडील कुंडीतले झाड बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत मरते, कारण घरची मंडळी गावी जातात. तेव्हा झाड लावतानाच, आपल्यामागे पाणी कोण घालील, हे ठरवून ठेवावे. शेजारच्या एखाद्या मुलास बोटाने माती पाहावयास शिकवावे व कुंडी त्याच्या स्वाधीन करून मगच प्रवासास निघावे.